चाळीस हात पाणी

"हे कोणी मानणार नाही," असं म्हटल्याशिवाय नानांची एकही गोष्ट सुरू होत नसे, आणि ती संपेपर्यंत खरंच कोणी मानत नसे. त्यात दोन्ही बाजूंची सोय होती.

नाना म्हणजे पांडुरंग बारलिंगे. वय एकाहत्तर, राहणार तात्यापारा, रायपूर. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुराकडून इकडे आले आणि इथलेच झाले. नानांचं म्हणणं असं की ते पूर्वज काही घोड्यावर बसून आले नाहीत. घोडा त्यांच्या पाठीवर बसून आला. वाटेत नदी लागली, घोड्याला पोहता येत नव्हतं, काय करणार बिचारा!

पाटबंधारे खात्याच्या लाँचवर नानांनी बत्तीस वर्षं काढली. तिथं एकदा मगरीनं लाँचचा नांगर गिळला. नानांनी दोर कापला नाही. नऊ दिवस लाँच त्या मगरीलाच बांधून ठेवली. मगर जेवायला निघाली की सर्व्हेचे साहेब नकाशासकट तिच्या मागं. "धरणाचा नकाशा थोडा वाकडा आहे न? तो तिच्यामुळं," नाना सांगत, आणि ऐकणारे म्हणत, "हव."

हव म्हणजे हो. छत्तीसगढी शब्द, पण तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत तो इतका मुरलेला की आता तो आपलाच वाटतो. गोष्ट सांगणाऱ्याला दर वाक्यामागं कोणीतरी 'हव' द्यायचा, ही इथली रीत. हव दिला म्हणजे पटलं असं नाही. चालू द्या, एवढंच.

निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून नानांनी शहराबाहेरच्या एका तलावावर काम धरलं. तलावाचं नाव ते सांगत नाहीत, म्हणून आपणही नको सांगायला. काम एकच, बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवायचं आणि उतरणाऱ्याच्या अंगावरून काढून घ्यायचं. या एका बाबतीत नाना थापा मारत नसत. बकल लागल्याशिवाय त्यांनी भल्याभल्यांना बोटीच्या फळीवर पाय ठेवू दिला नव्हता. एका पैलवानाला जॅकेट बसेना, तर त्याला म्हणाले, "पैलवान, पाण्याले तुमची छाती दिसत नाही. घरी जा."

या कामात थाप मारायचे ती एकच, आणि तीही धंद्याची. धक्क्याच्या काठाशी कोणी वाकलं की ते ओरडत, "मागं सर! इथं चाळीस हात पाणी आहे!" या वाक्याआधी ते 'कोणी मानणार नाही' म्हणत नसत. म्हणून ते सगळे मानत. मॅनेजर यशदीपनं तर त्याचा बोर्डच करून टांगला होता: गहराई ४० हाथ.

यशदीप हा बूढ़ापाऱ्यातला मराठी पोरगा. मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीतून. उन्हाळ्यात त्यानं जुनी नारंगी फोमची जॅकेटं स्टोअरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि नवी आणली, फुगणारी. गळ्यात टाकलेल्या उपरण्यासारखी सपाट, काळी, ऐटबाज. आत पोलादाची बोटभर नळी, तिच्यात दाबून भरलेला वायू. पाण्यात पडलं की आतली मिठाची गोळी विरघळते, खटका सुटतो, वायू भसकन बाहेर येतो आणि उपरण्याचा उशीएवढा फुगा होतो. आपोआप नाही झालं तर खालची लाल दोरी ओढायची. नळी शाबूत आहे की वापरून गेली, ते सांगायला एक नखाएवढी खिडकी. हिरवी असली तर ठीक. लाल असली तर तो गळ्यात घातलेला नुसता कपडा.

सोबत आलेलं माहितीपत्रक नानांनी शब्दकोश घेऊन आठ दिवस वाचलं. जॅकेट नेहमी सगळ्या कपड्यांच्या वर घालायचं. सोळा वर्षांखालच्यांना हे द्यायचं नाही. ज्याला पोहता येत नाही त्यालाही हे नाही, त्याला फोमचंच, कारण फुगायला लागतात त्या चार क्षणांत माणूस घाबरून जातो. कोरड्या जागी ठेवायचं. आणि अधूनमधून तोंडानं फुगवून रात्रभर ठेवायचं. सकाळी तसंच्या तसं टणक असलं तर चांगलं.

"कोरड्या जागी" हे यशदीपनं वाचलं नव्हतं. त्यानं जॅकेटं पंपाशेजारच्या टिनाच्या खोलीत टांगली. श्रावणात तिथं अशी ओल आली, की एका दुपारी एक जॅकेट आपणहून फुगलं. मग दुसरं. नाना धावत गेले तर खोलीत भसाभस आवाज, आणि दाराच्या फटीतून काळे फुगे बाहेर डोकावताहेत. "हे कोणी मानणार नाही," नानांनी घरी येऊन सांगितलं, "पण आज भिंतीवरच्या जॅकेटांनी मले ढकलून बाहेर काढलं." त्यांची बायको, गोदावरीकाकू, ज्वारीची भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "हव."

पुढं चार महिने बोटिंग दुरुस्तीसाठी बंदच होतं. नव्या नळ्या मागवल्या, त्या आल्या नाहीत. आणि जानेवारी उजाडला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तात्यापाऱ्यातल्या महिला मंडळानं हळदीकुंकू बोटीवर करायचं ठरवलं. चौदा बायका, पाण्याच्या मधोमध. कल्पना वनमालाबाईंची. त्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून अजून निवृत्त झाली नव्हती. यशदीपला तर हे हवंच होतं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, निळं पाणी; जाहिरातीचे फोटो आयते. त्यानं फोटोवाला बोलावून ठेवला.

शनिवारी दुपारी नानांनी चौदा जॅकेटं टेबलावर मांडली. चौदाही खिडक्या हिरव्या. नानांना आनंद झाला, मग तो लगेच मावळला. हिरवा रंग एकसारखा नव्हता. कुठं दाट, कुठं कडेनं ओघळलेला. त्यांनी नख लावलं. हिरवा पापुद्रा निघाला आणि खाली लाल.

दुसरं. लाल. तिसरं. लाल.

"बाबू," नानांनी हाक मारली, "ही नेलपॉलिश कोणाची?"

यशदीप मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "नानाजी, कल तक की बात है. सिलेंडर सोमवार को आ रहे हैं."

"अन् बाया रविवारी येऊन राहिल्या."

"पंद्रह मिनट का राउंड है. कौन गिरेगा?"

"मग जॅकेट कशाले घालतो? हार घाल."

"मुँह से फूंकने की नली भी तो है उसमें."

"बुडणारी बाई श्वास घेईल का फुगा फुगवेल?" नानांनी एक जॅकेट उचललं, फुंकायच्या नळीला तोंड लावलं आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं. टणक झालं. ते त्यांनी खुंटीला टांगलं. "उद्या पाहू. फोमची दे मले. किल्ली दे."

"वो बदबू मारते हैं. फोटो में सब भोपळा लगेंगे." चिडला की यशदीपच्या हिंदीत एखादा मराठी शब्द डोकवायचा. मग त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. त्यात 'हवा' असा एक रकाना होता. जॅकेटात हवा, म्हणजे वायू, आहे की नाही ते त्यात लिहायचं. नाना दर वेळी प्रत्येक नंबरापुढं 'हव' लिहीत. "लिख दीजिए."

नानांनी पेन घेतलं आणि चौदा वेळा 'नाही' लिहिलं. जाड अक्षरांत, दोनदा गिरवून.

यशदीप हसला. तो खरंच हसला, आणि त्याचंच नानांना जास्त लागलं. "लिखिए, लिखिए. नानाजी, आप किसको बोलोगे? मगरमच्छ वाले नाना की बात कौन मानेगा?"

"मानतील," नाना म्हणाले.

"नहीं मानेंगे."

"मग मी बसू देत नाही बोटीत. काय करशील? मलेच उचलून ठेवशील?"

"कल से मत आइए," यशदीप म्हणाला.

"उद्या येतो," नाना म्हणाले. "परवापासून पाहू."

घरी येऊन त्यांनी गोदावरीकाकूंना सांगायला तोंड उघडलं, आणि जिभेला जी सवय होती तीच झाली. "हे कोणी मानणार नाही, पण..."

"हव," काकू म्हणाल्या. त्या उद्याच्या वाणाला चौदा प्लास्टिकचे डबे पुसत होत्या.

"अगं, खरं सांगून राहिलो! त्या जॅकेटात हवा नाही!"

"हव."

"हवा! हवा नाही म्हटलं, तर हव काय म्हणते?"

"मग काय म्हणू? बेचाळीस वर्षं म्हणून राहिली." काकूंनी एक डबा उजेडात धरून पाहिला. "तुमाले मी बोटीत गेलेली नाही आवडत, हे सरळ सांगा न. आजवर धरणावरही एक दिवस नेलं नाही. आता मी माझी जाते, तर जॅकेटात हवा नाही."

यात थोडं खरं होतं, म्हणून नाना उठून झोपायला गेले. नंतर कितीतरी वेळ ते छताकडं बघत पडून होते. गोदेला पोहता येत नव्हतं. तिच्या मैत्रिणींपैकी एकीलाही येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना मगरीच्या शेपटीवर बसवून फिरवलं होतं, आणि आता एक साधं खरं वाक्य कोणाच्या गळी उतरत नव्हतं. उद्या त्या बोटीला एक हेलकावा बसला, चौदा जणी फोटोसाठी एका बाजूला आल्या, की संपलं.

सकाळी नाना सगळ्यांच्या आधी तलावावर. खुंटीवरचं जॅकेट काल टणक होतं, आता वाळलेल्या कारल्यासारखं लोंबत होतं. म्हणजे वायूची नळी रिकामी ती रिकामीच, वरून पिशवीही गळकी.

नऊ वाजता बायका आल्या. काळ्या साड्या, नाकात नथी, हातात वाणाच्या पिशव्या, खांद्यांवर शाली, कारण थंडी चांगलीच होती. यशदीपनं हसत हसत स्वतःच जॅकेटं वाटली. बायकांनी ती गळ्यात अडकवली आणि दागिने दिसावेत म्हणून वरून पदर घेतला. पदरावर शाल. शालीला पिन.

नाना फळीवर आडवे उभे राहिले. दोन्ही हात पसरून.

"कोणी चढायचं नाही."

"सरका नाना," वनमालाबाई म्हणाल्या. "ऊन चढून राहिलं. फोटो काळे येतात."

"मास्तरीणबाई, ही जॅकेटं मेलेली आहेत. खिडकीवर नेलपॉलिश लावली आहे. पाण्यात पडलात तर फुगणार नाहीत. अन् फुगली असती तरी तुमी ती शालीच्या आत घातली आहेत, गळाच आवळला असता."

मग मागून कोणीतरी गोड आवाजात म्हणालं, "हव!"

चौदाही जणी खळखळून हसल्या. "हव, नाना, हव! मगरीनं लावली का नेलपॉलिश?" "कोणत्या कंपनीची लावते हो ती?" फोटोवाल्यानं हसऱ्या चेहऱ्यांचा तेवढ्यात एक फोटोही काढून घेतला.

"गोदा," नाना म्हणाले. "तू तरी नको चढू."

गोदावरीकाकूंनी डोळे मोठे केले. चारचौघींत नाव घेतलेलं त्यांना खपत नसे. "अहो, पुरे आता. आज गोड बोलायचा दिवस आहे. बाजूला व्हा."

यशदीपनं नानांच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच, आदरानं, पण बाजूला ढकलण्याएवढा. "चलिए नानाजी. हो गया?"

त्या हातानं काम केलं. नाना आयुष्यात पुष्कळांना बाजूला सारत आले होते. स्वतः कधी सरकले नव्हते. त्यांनी यशदीपच्या गळ्यातलं, त्याचं स्वतःचं जॅकेट बकल उघडून खसकन ओढलं, आपल्या गळ्यात घातलं आणि कमरेचा पट्टा आवळला.

"मी खोटा न?" ते ओरडले. "बत्तीस वर्षं पाण्यात काढली, सगळी खोटी. ठीक! हा पाहा मी पडलो. फुगलं तर आजपासून तोंड उघडणार नाही. मगर संपली, घोडा संपला, सगळं संपलं. अन् नाही फुगलं, तर तुमी ठरवा!"

आणि धक्क्याच्या काठावरून, 'गहराई ४० हाथ' या बोर्डाच्या बरोबर खाली, नाना पाण्यात गेले.

धप्प आवाज झाला. काठावरचे बगळे उडाले. गार पाण्यानं नानांच्या तोंडून एक खराखुरा शब्द निघाला. तो इथं लिहिण्यासारखा नाही. पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या गळ्यातल्या त्या काळ्या पट्टीवर. एक. दोन. तीन. चार. पट्टी ओली झाली, चमकली, आणि तशीच राहिली. सपाट.

नानांनी लाल दोरी ओढली. आतून बारीक 'टिक' आलं. बस. त्यांनी पुन्हा ओढली. दोरीच हातात आली.

"बुडालो!" नानांनी हात वर केले. "गोदा, बुडालो गं!"

किंकाळ्या उठल्या. वनमालाबाईंनी मात्र किंचाळण्यात वेळ घालवला नाही. शालीची पिन काढली, आपल्या जॅकेटाच्या खिडकीवर ओढली आणि पिनेच्या टोकावर आलेला हिरवा पापुद्रा यशदीपच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"दीदी, वो..."

"दीदी गेली खड्ड्यात! हे काय आहे? आमाले हे घालून पाण्यात नेऊन राहिला होता तू?" मग त्या वळून गरजल्या, "काढा गं सगळ्या! कोणी बोटीत पाय ठेवायचा नाही!"

पिना सुटल्या, शाली सुटल्या, चौदा जॅकेटं फळ्यांवर आदळली. एक तर यशदीपच्या डोक्यावर आदळलं. ते चुकून की कसं, याची चौकशी झाली नाही.

"काहीतरी टाका त्यांना!" काकू ओरडत होत्या. "बांबू! दोर! काहीतरी!"

"फोमचं!" नाना पाण्यातून ओरडले. बुडत्या माणसाच्या मानानं आवाज खणखणीत होता. "फोमचं टाक! किल्ली त्याच्या खिशात आहे! डाव्या!"

यशदीप धावला. कुलूप उघडलं, दोन नारंगी जॅकेटं छातीशी धरून परत आला आणि एक नानांकडं भिरकावलं. ते अगदी नानांच्या हाताशी पडलं. नानांनी ते बाजूला सारलं.

"एकानं काय होते? सगळी आण!"

"नानाजी, आप तो अकेले हैं!"

"वाद घालतो बुडणाऱ्याशी? चौदा आण! पंधरा! तुले धरून पंधरा!" एक गटांगळी. "अन् रजिस्टर आण! मी लिहिलं तेच बरोबर, म्हणून खाली सही कर! बायांसमोर!" आणखी एक गटांगळी. "पेन माझ्या कोटात आहे, खुंटीवर!"

यशदीप तीन खेपा धावला. धक्क्यावर नारंगी ढीग झाला. कुबट, जाडजूड, भोपळ्यासारखा. वनमालाबाईंनी एकेकीला पुढं बोलावून साडीच्या, पदराच्या, शालीच्या, सगळ्याच्या वरून जॅकेट चढवलं. बकल ओढून पाहिलं. मग रजिस्टर गुडघ्यावर धरून यशदीपनं चौदा 'नाहीं'च्या खाली सही केली. फोटोवाल्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं त्याचाही फोटो काढला.

या सगळ्या धावपळीत गोदावरीकाकूंकडं कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी नारंगी जॅकेट घातलं नव्हतं. वाणाचे डबे खाली ठेवले होते, साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती आणि एक पाय काठावरून खाली सोडला होता. नानांनी ते पाहिलं.

"ए! तू काय करून राहिली?"

"येते," काकू म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "हात द्या."

"वेडी का गं! तुले पोहता येते का?"

"तुमाले तरी कुठं येते!"

हे तात्यापाऱ्यात कोणालाच माहीत नव्हतं. नाना हात हलवायचे थांबले, मग आठवण झाल्यासारखे पुन्हा हलवू लागले.

"मागं हो! मी सांगून राहिलो, मागं हो! इथं चाळीस हात पाणी आहे!"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. पुसल्यावर त्यांना नीट दिसू लागलं. नवरा हनुवटीपर्यंत पाण्यात, पण इतका वेळ झाला तरी ना वर ना खाली. हनुवटीच्या पुढं पाण्यातून त्याचे दोन गुडघे वर आलेले. आणि त्याच्यापासून चार हातांवर, मघाशी उडालेल्यांपैकी एक बगळा परत येऊन, मान आखडून, निवांत.

त्यांनी लोंबणारा पाय वर घेतला. खोचलेली साडी सोडली. कमरेवर हात ठेवले.

"अहो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चाळीस हात पाणी आहे न? मग तो बगळा काहून उभा आहे?"